मांडवगड : तट आणि तळी

संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला दरवर्षी वसईच्या किल्ल्यात जाणाऱ्या आमच्यासारख्यांना पडक्या तटाचे अप्रूप वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. छप्पर उडालेली देवळे, भिंती फोडून वर आलेले पिंपळ, आणि ज्या वाटांवरून एके काळी सरदारांच्या पालख्या गेल्या त्या वाटांवर चरणारी गुरे, हे सर्व आपण लहानपणापासून पाहत आलो. म्हणूनच, स्वर्गोन्नयनाचा सण आटोपल्यावर चार दिवस काढून माळव्यातील मांडवगड पाहून यावा असे आमच्या मंडळींत ठरू लागले तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्पष्टच विचारले, "अहो, पडके पाहण्यासाठी जाताना एक आणि येताना एक अशा दोन रात्री आगगाडीत कशाला काढायच्या? पडके तर आपल्या घराशेजारी आहे!"

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. तरीही गृहस्थ आले, आणि उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले. त्यांना आपण काका म्हणू. आमच्याबरोबर एक धर्मगुरूही होते. ते इतिहासाचे मोठे व्यासंगी आणि चालण्यात आम्हां सर्वांहून खंबीर.

इंदूरला उतरून आम्ही प्रथम धार गाठले. धार हे पवारांचे गाव. पेशवाईत पवारांच्या एका शाखेने येथे आणि दुसरीने देवासला आपली गादी स्थापिली, आणि त्यांच्याबरोबर देशावरची व कोकणातली कितीतरी मराठी कुटुंबे इकडे येऊन राहिली. आमचे वाटाडे अशाच एका घराण्यातील निवृत्त शिक्षक होते. पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहूनही त्यांचे मराठी शुद्ध होते. फक्त वाक्याच्या शेवटी माळवी हेल हळूच डोकावे.

धारचा किल्ला तांबूस दगडाचा, गावाला लागूनच एका टेकडीवर आहे. तेथे शिक्षकमहाशय थांबले व म्हणाले, "तुम्ही वसईचे ना? मग ही जागा नीट पाहून घ्या. दुसरे बाजीराव १७७५ साली येथे जन्मले. राघोबादादांच्या धावपळीत आनंदीबाईंनी या किल्ल्याचा आसरा घेतला होता." काकांनी क्षणभर विचार केला आणि ते एकदम म्हणाले, "म्हणजे ज्यांनी आमच्या वसईत इंग्रजांशी तह केला तेच ना?" तेच. १८०२ सालच्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी वसईला जो तह झाला व ज्याने मराठी स्वातंत्र्याची दोरी इंग्रजांच्या हाती गेली, तो करणारा पुरुष या धारच्या तटाआड जन्मला होता.

मग शिक्षकमहाशय आणि आमचे फादर यांच्यात जणू चढाओढच लागली. एकाने धारेच्या पश्चिमेस असलेल्या अमझेऱ्याचे नाव काढले. तेथे १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. त्या लढाईत सुभेदार पडला आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. अकरा वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, त्याच चिमाजी अप्पांपुढे वसईचा किल्ला शरण आला. दुसऱ्याने आणखी मागे जाऊन गुजरातच्या बहादुरशहाचे नाव घेतले. बहादुरशहाने १५३१ साली मांडवगड जिंकला. पुढे हुमायून चालून येणार या धास्तीने त्याने १५३४ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांशी तह करून वसई त्यांच्या हवाली केली. आणि १५३५ साली हुमायूनने मांडवगडही त्याच्यापासून हिरावून घेतला. वसईत पोर्तुगीज आले, त्यांच्याबरोबर मिशनरी आले, देवळे उठली, आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. या सगळ्या घटनांच्या मुळाशी मांडवगडच्या एका धन्याची धास्ती होती, हे आम्हांस त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

धारेत लाट मशिदीजवळ लोखंडाचा एक प्रचंड स्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे. तिन्ही तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरांच्या वर जाते. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, हा स्तंभ गुजरातला नेण्याची इच्छा बहादुरशहाला झाली, आणि उपटताना तो कोसळून मोडला. काका त्या तुकड्यांभोवती दोनदा फिरले. "नेताही आला नाही, उभाही ठेवला नाही," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मांडवगडास निघालो. धारेहून पस्तीसएक किलोमीटरांची वाट. माळव्याचे पठार सपाट आणि काळ्या मातीचे. सोयाबीनची शेते नजर पोहोचेल तेथवर. मग अकस्मात जमीन दुभंगते. समोर काकरा खोह नावाची खोल दरी आणि दरीपलीकडे ढगांत बुडालेले दुसरे पठार. तोच मांडवगड. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीचा हा विंध्याचा एक तुकडा निसर्गानेच बाकीच्या माळव्यापासून तोडून वेगळा काढला आहे. त्याच्या कडेने माणसाने तट बांधला. या तटाची लांबी ग्रंथांतून कुठे सदतीस तर कुठे पंचेचाळीस किलोमीटर दिलेली आढळते. वसईच्या किल्ल्याला फेरी मारायला आपल्याला पाऊण तास पुरतो. मांडवच्या तटाला फेरी मारायची तर चांगल्या चालणाऱ्यासही दोन दिवस लागतील. दरवाजे बारा. दिल्ली दरवाजा, तारापूर दरवाजा, रामपोळ अशी त्यांची नावे. आम्ही आत गेलो तो आलमगीर दरवाजा मात्र पुष्कळ नंतरचा, औरंगजेबाच्या राजवटीत १६६८ साली बांधलेला. म्हणजे आत राखण्याजोगे नगर उरले नव्हते तेव्हाचा.

नगर वसले ते होशंगशहाच्या वेळी. त्याचा बाप दिलावरखान हा दिल्लीच्या सुलतानाचा सुभेदार. १४०१ साली त्याने दिल्लीशी नाते तोडले. मुलाने राजधानी धारेहून या डोंगरावर हलवली. सुलतानांनी तिला शादियाबाद, म्हणजे आनंदनगर, असे नाव दिले. पुढची सव्वाशे वर्षे येथे मशिदी, महाल, मदरसे, सराया उठत राहिल्या. महमूद खिलजीने १४५४ साली जामी मशीद पुरी केली आणि तिच्यासमोर मेवाडच्या राण्यावरील आपल्या विजयाचा सात मजली मनोरा उभारला. गंमत अशी की, त्याच युद्धातील विजयाचा मनोरा राणा कुंभानेही चितोडला उभारला. दोघेही जिंकले! चितोडचा मनोरा आजही उभा आहे. मांडवच्या मनोऱ्याचा उरला आहे तो पायथा. जिंकले कोण हे मनोऱ्यांवरून ठरवायचे म्हटले तर कठीणच.

हिंडोला महाल, अशर्फी महाल वगैरे इमारतींचे वर्णन कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल. आमचे पाय अडखळले ते जहाज महालापाशी. मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन पाण्यांच्या मधोमध उभा असलेला हा सुमारे एकशेवीस मीटर लांबीचा महाल पावसाळ्यात खरोखरच नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासारखा दिसतो. तो बांधणारा घियासुद्दीन सुलतान विलासी म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार स्त्रिया होत्या असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. आकडा फुगवलेला असणार. सुलतानाला अखेर मुलानेच विष घातले असेही सांगतात.

पण आम्ही पाहत होतो ते निराळेच. या पठारावर नदी नाही, बारमाही ओढा नाही. वरून पडेल तेवढेच पाणी. म्हणून त्या लोकांनी पावसाचा थेंब वाया जाऊ दिला नाही. गच्चीवरचे पाणी दगडी पन्हळांतून खाली येते. काही पन्हळ सापासारखे वळणावळणाचे कोरले आहेत. पाण्याचा वेग त्या वळणांनी मंदावतो आणि गाळ मागे राहतो. तलावाचे पाणी वर चढवून महालाच्या माथ्यावरील हौदांत नेण्याची योजना होती. जवळच चंपा बावडी आहे, तिच्या पोटात भुयारी खोल्या आहेत. उन्हाळ्यात पाण्याच्या गारव्यात बसावे यासाठी. उजाली बावडी, अंधेरी बावडी, सागर तलाव, रेवाकुंड अशी पाण्याची ठिकाणे जागोजाग आहेत. तट पाहणारे पुष्कळ येतात, पण हा डोंगर राहण्याजोगा केला तो पाण्याने.

आम्ही कपूर तलावाच्या काठी एका कमानीखाली पाऊस ओसरण्याची वाट पाहत बसलो होतो. फादर काही वर्षांपूर्वी लूर्डमातेच्या यात्रेस गेले होते आणि परतीच्या वाटेवर दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन हे तटबंदीचे जुने नगर पाहून आले होते. त्यांनी ती हकीकत सांगितली. एकात एक असे दोन तट, बावन्न बुरूज, बुरुजांवर निमुळती छपरे, आत अरुंद गल्ल्या आणि संत नाझेर यांचे देऊळ, ज्याच्या रंगीत काचांतून सकाळचा प्रकाश फरशीवर सांडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे सारे पाडून टाकण्याचे घाटत होते. गावातीलच एका अभ्यासू माणसाने आरडाओरड केली, सरकारने निर्णय बदलला, आणि १८५३ पासून व्हियोले-ल-द्यूक या शिल्पज्ञाने तट पुन्हा उभा केला. आज जगभरचे प्रवासी तेथे लोटतात.

"पण एक गोष्ट तेथल्या दुकानांत विकत मिळत नाही," फादर म्हणाले. "ते नगर १२०९ साली पंधरा दिवसांत पडले. आणि पाडले ते आपल्या लोकांनी."

आम्ही सारे गप्प झालो. पाखंडमताविरुद्ध म्हणून पुकारलेल्या त्या क्रुसेडची सेना प्रथम बेझिएर शहरावर गेली. तो २२ जुलै, संत मरिया माग्दालेनाच्या सणाचा दिवस होता. तिच्याच नावाच्या देवळात आश्रयाला गेलेल्या माणसांचीही कत्तल झाली. पाखंडी कोण आणि कॅथलिक कोण हे पाहण्यास कोणी थांबले नाही. मग ऑगस्टच्या पहिल्या दिवशी सेनेने कार्कासोनला वेढा दिला. तट अभेद्य होता, पण आजूबाजूच्या खेड्यांतून पळून आलेल्यांनी नगर तुडुंब भरले होते. शत्रूने नदीची वाट बंद केली. भर उन्हाळा, विहिरी आटल्या, रोगराई सुरू झाली. स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास नगर शरण आले. लोकांना जीवदान मिळाले. पण घरदार सोडून केवळ अंगावरच्या एका वस्त्रानिशी त्यांना दरवाजातून बाहेर पडावे लागले. तरुण सरदार त्रांकावेल आपल्याच गढीच्या तळघरात कैदी झाला व त्याच वर्षी नोव्हेंबरात मरण पावला.

"तट फुटला नाही," फादर म्हणाले, "विहीर आटली."

काका बराच वेळ तलावाकडे पाहत होते. थेंबांनी पाण्यावर जाळी विणली होती. मग ते हळूच म्हणाले, "आमच्या वाडीत बावखल होते. आजोबांच्या वेळी त्यावर रहाट होता. केळी, पानवेल, भाजी, सगळे त्यावर. आम्ही भावाभावांनी मिळून ते भरून टाकले. जागा विकायची होती." आमच्या वाचकांपैकी वसई-विरारकडील मंडळींना यात अधिक सांगायला नको. गोड्या पाण्याची किती बावखले आपल्या डोळ्यांदेखत बुजली! किल्ल्याचा एक चिरा हलला तर आपण वर्तमानपत्रांत पत्रे लिहितो. आणि बावखलात मातीचा ट्रक रिकामा होतो तेव्हा खिडकी लावून घेतो, धूळ येते म्हणून. ज्यांनी जागा भरल्या त्यांच्यात आमच्याही घरचे होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

मांडवचे काय झाले? तेथे तर पाणी होते. पण मांडवही पडला, एकदा नव्हे, वारंवार. १५३५ साली हुमायूनची माणसे रात्री दोर आणि शिड्या लावून तटावर चढली. एवढ्या लांब तटाला पहारा पुरवायचा कोणी? पहारेकऱ्याच्या व्यर्थ जागरणाविषयी स्तोत्रकर्त्याने जे सांगितले आहे ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. बहादुरशहा पश्चिमेकडील सोनगडाच्या कड्यावरून निसटला. विजेत्याने लाल वस्त्रे चढवून कत्तलीचा हुकूम दिला. गुजरातच्या एका फारसी इतिहासात अशी कथा आहे की, त्या वेळी बहादुरशहाच्या पदरचा एक गवई पकडून आणला गेला. त्याचे गाणे ऐकून हुमायूनचे मन पालटले, त्याने लाल वस्त्रे उतरवून हिरवी घातली आणि कत्तल थांबवली. कथा कितपत खरी देव जाणे. खरी असेल तर त्या दिवशी मांडवात जी माणसे वाचली ती तटामुळे वाचली नाहीत.

शेवटचा सुलतान बाजबहादूर. तो आणि रूपमती यांच्या प्रेमाच्या गोष्टी माळव्यात अजून गातात. १५६१ साली अकबराचा सरदार आधमखान याने सारंगपुरापाशी बाजबहादुराची फौज मोडली. तो पळाला, रूपमतीने विष घेतले. त्यानंतर मांडव राजधानी राहिला नाही. राजा गेला, कारभार गेला, माणसे खाली मैदानात उतरली. तळी उपसायला, पन्हळ साफ करायला कोणी उरले नाही.

यानंतर एकोणीस वर्षांनी, १५८० च्या आरंभी, तीन येशूसंघीय धर्मगुरू या वाटेने गेले. अकबराने गोव्याहून धर्मपंडितांना बोलावले होते. फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा, फादर आंतोनियो मोन्सेरात आणि फादर फ्रान्सिस हेन्रिक्स हे १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले व दमण, सुरत, मग नर्मदा ओलांडून मांडव, उज्जैन, सारंगपूर असे करत फेब्रुवारीअखेर फत्तेपूर सिक्रीच्या परिसरात पोहोचले. मोन्सेरात वाटेत नरवर येथे आजारी पडल्याने चार-पाच दिवस मागाहून आला. त्याची नजर अतिशय चौकस होती. पडक्या मांडवनगरीसह सगळ्या प्रवासाचा वृत्तांत त्याने लॅटिनमध्ये लिहून काढला. ग्रंथ पुरा झाला तो अरबस्तानात तो कैदेत असताना, आणि पुढे तीनशे वर्षे कोणास त्याचा पत्ता नव्हता. १९०६ साली कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात हस्तलिखित सापडले व १९१४ साली फादर होस्टेन यांनी ते छापविले.

आक्वाव्हिवा हा इटलीतील आत्री येथील ड्यूकचा मुलगा. तटबंदीच्या घरात जन्मलेला. मांडवच्या ओसाड दरवाजातून जाताना त्याच्या मनात काय आले असेल ते त्याने लिहून ठेवलेले नाही. तीन वर्षे त्याने अकबराच्या दरबारात घालवली; बादशहाने मान दिला, पण बाप्तिस्मा घेतला नाही. गोव्यास परतल्यावर १५८३ च्या जुलैत साष्टीतील कुंकळ्ळी येथे तो चार येशूसंघीय सोबत्यांसह मारला गेला. वयाची तेहतीस वर्षे अजून पुरी व्हायची होती. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली या पाचांना धन्य म्हणून घोषित केले. आपण त्यांना रक्तसाक्षी म्हणतो व ते योग्यच आहे. परंतु त्या गावची देवळे आधी राज्यसत्तेने मोडली होती आणि त्या रागाचा घाव या निःशस्त्र माणसांवर पडला, हेही पुढच्या पिढीला सांगितले पाहिजे. बेझिएरची गोष्ट सांगणारे फादर येथेही अडखळले नाहीत.

सदतीस वर्षांनी, १६१७ साली, जहांगीर बादशहा आपल्या प्रचंड लवाजम्यासह मांडवास येऊन काही महिने राहिला. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याला एका पडक्या वास्तूत बिऱ्हाड मिळाले. रात्री सिंह आणि लांडगा येऊन शेळ्यामेंढ्या उचलून नेत, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. पण त्याहून मोठी तक्रार पाण्याची! तळ्यांच्या या नगरीत बादशहाची छावणी तहानेने व्याकूळ झाली. एका सरदाराच्या ताब्यातील पाण्यातून रोज चार खेपा पाणी मिळाले म्हणून रोची माणसे तगली. दीडशे वर्षांपूर्वी जेथे जलक्रीडा चालत तेथे ही गत. आमच्या मते याचे कारण आभाळात शोधण्याची गरज नाही. पन्हळ पानांनी तुंबली की तळे भरत नाही, एवढे तर काकाही जाणत होते.

दुपारी होशंगशहाच्या कबरीपाशी गेलो. संगमरवरी घुमटाची ही वास्तू ताजमहालाच्या दोनशे वर्षे आधीची. दाराच्या बाजूस एक लहानसा शिलालेख आहे. १६५९ साली चार शिल्पज्ञ येथे येऊन गेले, त्यांनी आपली नावे कोरली: शाहजहानच्या उस्ताद अहमदचा मुलगा लुत्फुल्ला, ख्वाजा जादोराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद. थोर कारागिरांनी जुन्या कारागिरांना केलेला तो मुजरा. मुसलमान आणि हिंदू नावे एकाच दगडावर, एकाच ओळीत. शिक्षकमहाशयांनी ती नावे वाचली तेव्हा त्यांचा आवाज किंचित कापरा झाला. विद्यार्थ्यांच्या किती तुकड्यांना त्यांनी हा दगड दाखवला असेल! मांडवची झाडी तोडून हे दगड उजेडात आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, धारच्या पवारांच्या राज्यात. पुढे १९२९ साली गुलाम याझदानी यांनी मांडववर इंग्रजीत सुंदर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ते जुने आनंदनगर आहे.

रूपमतीच्या मंडपाकडे निघालो तेव्हा वाटेत रुंद पोटाचे, आखूड फांद्यांचे विचित्र वृक्ष दिसले. हा आफ्रिकेतील गोरखचिंचेचा वृक्ष. इकडे याच्या फळाला मांडवची इमली म्हणतात. रस्त्याच्या कडेला भिल्ल बाया ती फळे मांडून बसल्या होत्या. नगर रिकामे झाले म्हणतात, पण भिल्ल कोठेच गेले नव्हते. सुलतानांआधीही या डोंगरांत ते होते आणि नंतरही. काकांनी दोन फळे घेतली. मंडप पठाराच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. मुळात ती टेहळणीची चौकी. येथून खाली निमाडचे मैदान आणि पलीकडे नर्मदेची रेघ दिसते, आणि तिचे दर्शन झाल्याविना रूपमती अन्न घेत नसे अशी आख्यायिका आहे. आम्हांस ढगाखेरीज काहीही दिसले नाही. अर्धा तास थांबलो. रूपमतीला पावसाळ्यात उपासच घडत असतील, असे आमच्यातील एका मुलीने म्हटले व सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी देवास पाहिले. येथल्या पवारांची कथा मोठी मौजेची. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांत मुलूख वाटला गेला, आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. सरहद्द मुख्य रस्त्यातून जात असे. रस्त्याच्या एका बाजूचे दिवे आणि पाणी एका राजाचे, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्याचे! थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार येथे राहिला होता, आणि 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक त्याने त्यावर लिहिले. १९४८ साली दोन्ही राज्ये विलीन झाली. त्याच साली क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी येथे आले आणि १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, येथेच राहिले. टेकडीवर चामुंडामातेच्या दर्शनाला माणसांची रांग लागली होती. विभागणीचा रस्ता कोणता ते आम्ही दोघातिघांना विचारले. प्रत्येकाने निराळा दाखवला.

परतण्याआधी देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस, डोंगराळ भागात असलेल्या उदयनगरला जायचे फादरांनी आधीच ठरवले होते. तेथे सिस्टर राणी मारिया यांची कबर आहे. केरळातील पुल्लुवळीच्या शेतकरी घरातील ही मुलगी, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी. १९९२ साली ती उदयनगरला आली. भूमिहीन आदिवासींना तिने बँकेच्या पायऱ्या चढायला शिकवले, बचत शिकवली, सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते विचारायला शिकवले. ज्यांना हे विचारणे खपले नाही त्यांनी माणूस नेमला. १९९५ च्या फेब्रुवारीची २५ तारीख. ती सकाळच्या बसने इंदूरला निघाली होती. नाचनबोरच्या घाटात, भरल्या बसमध्ये, तिच्यावर चाकूचे वार झाले. अंगावर चोपन्न जखमा होत्या. पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने २०१७ च्या नोव्हेंबरात इंदूरला तिला धन्य घोषित करण्यात आले.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास तिची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली. २००६ साली तो सुटला व पुढे केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटून आला.

कबरीपाशी आम्ही गुडघे टेकले. मंडळींनी जपमाळेचे एक दशक म्हटले. बाहेर पावसाने उघडीप दिली होती. काका उठेनात म्हणून पाहिले, तर ते खिशातून मांडवच्या इमलीचे बी काढून हातात घोळवत होते.

"हे झाड किती पाणी पिते हो?" त्यांनी विचारले.

"ते पाणी पोटात साठवून ठेवते," फादर म्हणाले, "म्हणून तर त्याचे पोट एवढे मोठे."

संध्याकाळच्या बसने इंदूरला निघालो. घाट आला तसे आमच्यातील बायकांचे बोलणे आपोआप थांबले. बस भरलेली होती. पुढे एक भिल्ल बाई मांडीवर मूल घेऊन झोपली होती. वाहकाने तिच्याकडून तिकिटाचे पैसे मागितले नाहीत, उतरताना घेईन म्हणाला, आणि पुढच्या बाकाकडे गेला. काकांनी खिडकीतून मागे वळून पाहिले आणि घरी गेल्यावर भावाला निरोप धाडायचा म्हणून कागद-पेन्सिल मागितली. वाडीच्या मागच्या कोपऱ्यात अजून न विकलेला एक तुकडा उरला होता. तेथे खणले तर पाणी किती हातांवर लागेल, हे भावाला विचारायचे होते.